दहा नंबरच्या सुया

धाकटी अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी धाकटीच राहिली. सहा वर्षांनी मोठी ताई घरात असताना तिला दुसरं काही होण्याची सोयच नव्हती. भाऊ, वहिनी, लोकरीच्या दुकानातल्या बाई, खालचा सायकलवाला, सगळे तिला धाकटीच म्हणत. सायकलवाला तिच्याहून तीस वर्षांनी लहान होता, पण त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या दोघी राहत. लग्नाच्या फंदात दोघीही पडल्या नाहीत. ताईने टेलिफोनच्या कचेरीत जन्म काढला, धाकटीने कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजलं, आणि दोघी निवृत्त होऊन खिडकीशी दोन खुर्च्या टाकून विणत बसल्या. जिन्यातून रबर चिकटवायच्या द्रवाचा वास वर यायचा. त्यांनी विणलेल्या नव्या स्वेटरालाही पहिले दोन दिवस तो असायचा आणि गिऱ्हाइकांनी तो आपलासा करून घेतला होता.

त्यांची विणायची तऱ्हा मात्र कुणाची नसेल अशी होती. लहानपणापासून एक स्वेटर दोघींत मिळून व्हायचा. पाठ आणि पुढा ताईचा, बाह्या धाकटीच्या. आता ताईचा हात आखडता. विणण्यातही आणि खर्चातही, असं भाऊ म्हणायचा, पण ताईच्या पाठीमागे. धाकटीचा हात सैल. म्हणून ताई दहा नंबरच्या सुया घ्यायची आणि धाकटी अकरा नंबरच्या, म्हणजे जरा बारीक, तेव्हा कुठे दोघींची वीण एका मापाची व्हायची. दर रविवारी सकाळी टेबल पुसून त्यावर सगळे तुकडे मांडायचे, कडेला कड लावायची, टाके मोजायचे. ताई त्याला हजेरी म्हणायची. पन्नास वर्षांत कुणालाही ओळखता आलं नव्हतं की ताई कुठे संपते आणि धाकटी कुठे सुरू होते. धाकटीला आयुष्यात फुशारकी मारण्यासारखं एवढंच काय ते होतं.

आणि आईचा एक नियम होता. सुयांवर टाके ठेवून घर सोडून मुक्कामाला जायचं नाही. आई उगाच नियम करणाऱ्यांतली नव्हती, तिने कारण सांगून ठेवलं होतं. चार दिवस बाहेर राहून आलं की हात बदलतो. पुन्हा विणायला घेतलं की त्या जागी आडवी रेषा पडते, आणि ती कितीही धुतलं तरी जात नाही. ताईने तर हा नियम आणखी ताणला होता. दाराची घंटा वाजली तरी ती ओळ अर्धी टाकून उठत नसे. पोस्टमन दाराशी ताटकळायचा आणि आतून आवाज यायचा, ‘थांबा हो, अकरा टाके राहिलेत.’

त्या दोघींना एका तळ्याकाठी जायचं होतं. डोंगरात, उंचावर. टेलिफोनच्या कचेरीतल्या जुन्या कॅलेंडरावर त्याचं चित्र होतं, ते ताईने कापून कपाटाच्या दाराला आतून लावलं होतं. एकोणीस वर्षं ते तिथे होतं. पहिल्यांदा ठरलं तेव्हा आई अंथरुणाला खिळली. मग भावाच्या घराचं काम निघालं. मग ताईचा गुडघा. मग छप्पर गळायला लागलं. दर वेळी ताई म्हणायची, ‘तळं कुठे पळून जातंय,’ आणि कपाटाचं दार लावून टाकायची. या खेपेला मात्र धाकटीने तिला न विचारता तिकिटं काढली आणि खोलीही राखून ठेवली, पाण्याकडे खिडकी असलेली. ताई दोन तास रुसून बसली. मग म्हणाली, ‘पाच कामं आहेत सुयांवर. उरकतील?’

‘उरकवू.’

पाच कामं म्हणजे लोकरीच्या दुकानाचे दोन स्वेटर, शेजारणीच्या नातवाचे मोजे, भावाच्या मुलाचं बिनबाह्यांचं जाकीट, आणि ताईचं स्वतःचं निळं कार्डिगन. ताईने जगाला विणून घातलं, पण स्वतःसाठी कधी टाका घातला नव्हता. तळ्याकाठी संध्याकाळी गार वारा सुटतो, असं खोली देणाऱ्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं. त्यावरून धाकटीने हट्ट धरला आणि निळी लोकर आणली. निघायला दोन महिने होते.

पहिले तीन आठवडे झपाट्याने गेले. मोजे झाले, दुकानाचे स्वेटर झाले. धाकटीने माळ्यावरून बॅग काढून उन्हात ठेवली, तर सायकलवाल्याने खालून विचारलं, ‘निघालात की काय?’

‘सुया रिकाम्या झाल्या की निघालो,’ ताईने खिडकीतूनच सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी ताईला उठायला उशीर झाला. हेही नवीनच होतं. धाकटीने एकटीनेच टेबल पुसून हजेरी मांडली. जाकिटाची पाठ पुढ्यावर ठेवली आणि तिचा हात थबकला. पाठ दोन बोटं रुंद झाली होती. टाके मोजले तर बरोबर होते. मग तिने वीण उजेडाकडे धरली. खालची वीतभर ताईची होती, घट्ट आणि सारखी. वर मात्र टाके ढिले पडत गेले होते, एक मोठा, एक बारीक, आणि दोन ठिकाणी टाका गळून भोक पडलं होतं. ताईच्या हातून टाका गळाला होता.

तिला तेव्हाच कळलं होतं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ती स्वतःला बरंच काही सांगत राहिली. म्हातारपण आहे, थकवा आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण ती वीण हातात धरल्या क्षणी तिला कळलं होतं की ताईच्या उजव्या हाताला काहीतरी झालं आहे. आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं होतं. हे बोलून दाखवलं की डॉक्टर येणार, तपासण्या येणार, आणि ताई कपाटाचं दार लावून म्हणणार, तळं कुठे पळून जातंय.

तिने दार ओढून घेतलं आणि वरची चार बोटं वीण उसवली.

उसवलेल्या लोकरीला वळ पडलेले असतात. ती तशीच विणली की वीण खडबडीत दिसते, आणि ताईसारखीच्या नजरेला ते चटकन दिसतं. म्हणून धाकटीने किटली गॅसवर ठेवली, वाफेवर लोकर धरून सरळ केली आणि अकरा नंबरच्या सुयांनी सगळं पुन्हा विणून काढलं. ताई उठून बाहेर आली तेव्हा पाठ आणि पुढा एकमेकांवर नीट बसले होते. ताईने बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘जुळलं की.’

मग तो रोजचाच परिपाठ झाला. ताई आता दुपारची जेवून झोपायची, जन्मात कधी झोपली नव्हती अशी. तिचा डोळा लागला की धाकटी सकाळचं विणलेलं उसवायची, किटली ठेवायची, वाफ द्यायची, आणि ताईच्या हाताने विणायची. हात धाकटीचा, पण वीण ताईची. तिला ते इतकं हुबेहूब जमायचं की चार वाजता सुया खाली ठेवताना तिचा स्वतःचाच विश्वास बसायचा. ताई ठीक आहे, हे काय, समोर दिसतंय. जाकीट झालं. कार्डिगनची पाठ झाली. दोन्ही पुढे झाले, बाह्या झाल्या. ताईच्या हातून एकदा कप सुटला, एकदा ती सही करताना अडली. दोन्ही वेळा धाकटीने विषय बदलला आणि ताईने तो बदलू दिला. पाच आठवडे असे गेले.

निघायला चार दिवस उरले होते. कार्डिगन शिवून झालं होतं, फक्त गळपट्टी राहिली होती. ताई तिचे टाके सुईवर उचलायला बसली आणि सुई उजव्या हातातून खाली पडली. ती उचलायला वाकली आणि तिथेच बसली. ‘उठता येत नाही गं,’ ती म्हणाली, जणू दुकान बंद होतं म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात.

सायकलवाल्याने तिला उचलून खाली आणलं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण आणि शांत होता. त्याने ताईच्या डोक्याचे फोटो काढले होते, ते उजेडावर लावले. आत गाठ होती. तो खुर्ची ओढून दोघींसमोर बसला, याचं धाकटीला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

‘उजव्या हातातली ताकद कधीपासून कमी झाली?’ त्याने विचारलं. ‘किती दिवसांत किती वाढलंय, ते कळलं तर पुढचं ठरवायला बरं पडेल.’

धाकटीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

‘विणता म्हणालात ना तुम्ही?’ डॉक्टर ताईला म्हणाला. ‘माझी आत्याही विणते. शेवटचं काय विणलंत ते आहे का इथे?’

कार्डिगन पिशवीत होतं. ताईला थंडी वाजली तर असावं म्हणून धाकटीने आणलं होतं. तिने ते दिलं. डॉक्टरने मांडीवर पसरलं, पाठीवरून खालून वर हात फिरवला, प्रकाशात धरलं. त्याला खरंच त्यातलं थोडं कळत होतं.

‘हे किती दिवसांत विणलं?’

‘गेल्या महिन्याभरात,’ धाकटी म्हणाली.

‘फारच सुरेख आहे. एक टाका इकडचा तिकडे नाही.’ त्याने कागद पुढे ओढला. ‘म्हणजे हात अगदी आत्ता आत्तापर्यंत ठणठणीत होता. हे चार-पाच दिवसांतलंच दिसतंय.’

तो लिहायला लागला. पेनाचा आवाज खोलीत ऐकू येत होता. पन्नास वर्षांत कुणाला ओळखता आलं नव्हतं ते यालाही आलं नाही, आणि धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताची शिसारी आली.

‘लिहू नका,’ ती म्हणाली. ‘ते तिचं नाही. मी विणलंय. ती विणायची ते मी रोज उसवत होते. पाच आठवडे झाले.’

डॉक्टरने पेन थांबवलं. धाकटीची मान वर होईना. बाजूला ताई आहे, तिने हे ऐकलंय, आता ती काय म्हणेल? मग ताईचा आवाज आला, जरा जड जिभेचा.

‘रोज दुपारी किटलीचा आवाज यायचा,’ ताई म्हणाली. ‘आणि चहा काही यायचा नाही. मी काय समजायचं?’

धाकटीने वर पाहिलं.

‘पहिल्याच दिवशी कळलं मला. बोललीस का नाही?’

‘तू का नाही बोललीस?’

‘तू बॅग उन्हात ठेवली होतीस,’ ताई म्हणाली. ‘म्हटलं, पाण्यापर्यंत पोचू या. मग सांगेन.’

‘मीही तेच म्हटलं,’ धाकटी म्हणाली.

पाच आठवडे आधी आलं असतं तर काय झालं असतं, हे धाकटीने डॉक्टरला दाराबाहेर गाठून विचारलंच. तो म्हणाला, ‘कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.’ तो खोटं बोलला असता तर तिने त्याला दुवा दिला असता. भाऊ आणि वहिनी आले, म्हणाले, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण ते मनाला लागलं ते लागलंच. पुढे कुणी कितीही समजावलं तरी ते निघालं नाही आणि निघावं असं तिलाही कधी वाटलं नाही.

तिकिटं रद्द झाली. खोली देणाऱ्या बाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, बऱ्या झाल्या की या, पाणी आहेच. ताईवर शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नव्हता, गाठ फार आत होती. औषधं सुरू झाली. धाकटी सकाळी जायची आणि दिवे लागल्यावर परत यायची. रोज दुपारी तीनला ती थर्मासमधून चहा न्यायची. पाच आठवड्यांचे चहा ती फेडते आहे, असं ताई शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगायची. त्या बाईंना काही कळायचं नाही, तरी हसायच्या.

दुसऱ्या आठवड्यात ताई म्हणाली, ‘गळपट्टी राहिलीय.’

‘राहू दे गं.’

‘राहू दे काय? दहा नंबरच्या आण. तुझ्या नकोत.’

धाकटीने सुया आणल्या, टाके उचलून दिले. ताईने उजवी सुई काखेत दाबून धरली आणि डाव्या हाताने लोकर तिच्यावरून टाकायला लागली. एका ओळीला अख्खा दिवस जायचा, कधी दोन. टाके वेडेवाकडे पडत होते, काही ओढलेले, काही लोंबणारे. धाकटीचे हात शिवशिवायचे. एकदा टाका गळाला आणि खाली खाली निघाला, तेव्हा तिने न राहवून बोट पुढे केलं.

‘हात लावू नकोस,’ ताई म्हणाली. मग जरा वेळाने, मऊ होऊन, ‘आणि मी झोपले की उसवू नकोस. तेवढं माझं असू दे.’

धाकटीने मान हलवली. त्यानंतर ताई झोपली की ती हात मांडीखाली घालून बसायची. भोक समोर दिसायचं. ते तसंच राहिलं आणि पुढच्या ओळी त्याच्यावरून गेल्या. ताई अधूनमधून तळ्याबद्दल बोलायची, तिथे नाव मिळते का, पाणी गार असतं का. बरं होऊन जाऊ, असं दोघींपैकी कुणीही म्हणालं नाही. खोटं विणून झालं होतं तेवढं पुरे होतं.

दहा ओळी झाल्या. अकरावी अर्ध्यावर आली होती. त्या दिवशी धाकटी चहा घेऊन जिना चढली तेव्हा ताईच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. परिचारिकेने तिला खुर्चीवर बसवलं. ताईच्या हातातून सुया कुणीतरी काढून उशाशी ठेवल्या होत्या, टाक्यांसकट. अर्धे टाके डाव्या सुईवर, अर्धे उजव्या. जन्मभर ओळ पुरी केल्याशिवाय जी जागची हलली नाही ती अशी उठून गेली. धाकटी त्या सुयांकडे बघत बसली. चहा थर्मासमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला.

कार्डिगन वर्षभर कपाटात होतं, सुयांसकट, तळ्याच्या चित्राखाली. रविवारी धाकटी टेबल पुसायची आणि त्यावर काहीच मांडायची नाही. लोकरीच्या दुकानातल्या बाईंनी दोनदा काम पाठवलं, तिने परत केलं. कुणाच्या जोडीने विणायचं?

वर्ष सरलं तेव्हा एका दुपारी तिने ते बाहेर काढलं. अर्धी ओळ पुरी करायची होती आणि वर सहा ओळी, मग टाके बंद. तिला ताईची शेवटची वीणही जुळवता आली असती. आठ नंबरच्या जाड सुया घेतल्या असत्या, हात जरा सोडला असता, दोन टाके मुद्दाम गाळले असते, तर कुणाला पत्ता लागला नसता. जुळवणं एवढंच तर तिला येत होतं. ती बराच वेळ सुया हातात धरून बसली. मग टाके ज्या सुयांवर होते त्याच सुयांवर, आपल्या साध्या हाताने, तिने ओळ पुरी केली आणि वर सहा ओळी घातल्या. रेषा पडली. आई म्हणायची तशी, आडवी, स्वच्छ, कुणालाही दिसेल अशी.

तिने टाके बंद केले. सुया रिकाम्या झाल्या. मग तिने खोली देणाऱ्या बाईंना फोन लावला.

बॅग घेऊन ती खाली उतरली तेव्हा सायकलवाल्याने ती हातातून घेतली आणि कोपऱ्यापर्यंत नेली. या खेपेला त्याने काही विचारलं नाही.

तळं चित्रात होतं त्याहून लहान निघालं. संध्याकाळी खरंच गार वारा सुटला, तेव्हा तिने निळं कार्डिगन घातलं आणि ती पायऱ्यांवर जाऊन बसली. खोली देणाऱ्या बाई चहा घेऊन आल्या. चांगल्या, बोलक्या बाई होत्या. कप देताना त्यांची नजर तिच्या गळ्याशी गेली.

‘काय सुरेख विणलंय,’ त्या म्हणाल्या. ‘पण गळ्यापाशी बिघडलंय बघा जरासं. आमच्या गावात एक जण आहे, तेवढं उसवून नीट करून देईल उद्या.’

‘नको,’ धाकटी म्हणाली. ‘तेवढंच माझ्या बहिणीनं विणलंय. बाकी सगळं माझं आहे.’

बाई गेल्यावर तिने चहा प्यायला. मग गळपट्टीवर बोट ठेवलं आणि शिवणीपासून वर मोजायला लागली. एक, दोन, तीन. चौथ्या ओळीत भोक होतं, तिथून वारा आत येत होता. दहा पुऱ्या ओळी झाल्या. अकराव्या ओळीवर बोट आडवं सरकत मध्यापर्यंत गेलं आणि तिथे टाके एकदम सारखे लागायला लागले. ताई तिथे थांबली होती. धाकटी बोट तिथेच ठेवून अंधार पडेपर्यंत पाण्याकडे बघत बसली.